धाकट्या जावेचा प्रश्न आणि माझे बत्तीस बोअर

गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या जावेला शस्त्र परवाना मिळाला आणि त्याच संध्याकाळी तिचा फोन आला. "अक्का, कागद तर झाला. आता घ्यायचं कोणतं? टिकाऊ पाहिजे, आणि त्यापायी गोठ्यातली म्हैस विकायला लागू नये." तिची वस्ती गावापासून तीन किलोमीटरवर, उसाच्या मधोमध आहे, दीर ट्रॅक्टरच्या कामानिमित्त आठवड्यातले चार दिवस बाहेर असतात. मी बार्शी-लातूर रस्त्यावर एक पेट्रोल पंप चालवते आणि चार वर्षांपासून परवान्याचे रिव्हॉल्व्हर बाळगते. फोनवर तिला जे तुटक तुटक सांगितले, ते नीट लिहून द्यावे म्हणून ही नोंद लिहीत आहे.

आधी एक खुलासा करते. परदेशातल्या माणसाप्रमाणे शंभर प्रकारांतून एक निवडण्याची सोय आपल्याकडे नाही. खाजगी व्यक्तीने परदेशातून शस्त्र आयात करण्याची वाट १९८०च्या दशकाच्या मध्यातच बंद झाली. लष्कर आणि पोलीस वापरतात ती ९ मिलिमीटरसारखी काडतुसे सामान्य परवानाधारकाला निषिद्ध आहेत. त्यामुळे रिव्हॉल्व्हर म्हटले की बहुतेकांच्या वाट्याला येते ते ०.३२ इंच व्यासाच्या नळीचे, म्हणजे बोलीभाषेतले 'बत्तीस बोअर'. ते प्रामुख्याने कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत तयार होते. हा कारखाना पूर्वी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डाकडे होता. १ ऑक्टोबर २०२१ रोजी त्या बोर्डाच्या सात सरकारी कंपन्या झाल्या आणि कानपूरचा कारखाना त्यांतल्या एकीकडे गेला. अलीकडे उत्तर प्रदेशातल्या हरदोईला वेब्ले अँड स्कॉट या जुन्या ब्रिटिश नावाचीही बत्तीस बोअरची रिव्हॉल्व्हर बनू लागली आहेत. काडतुसांच्या बुडावर 'केएफ' अशी अक्षरे दिसतात, त्यांतला 'के' आपल्या पुण्याच्या खडकीचा. १८६९ साली सुरू झालेल्या त्या कारखान्याच्या भिंतीजवळून मी कॉलेजच्या काळात कितीदा बसने गेले असेन. आत बनणारी वस्तू पुढे आपल्या कपाटात येईल असे तेव्हा कोणी सांगितले असते तर हसले असते.

जुनी परदेशी रिव्हॉल्व्हर परवानाधारकांमध्ये हातोहात फिरतात आणि वयाने पन्नास-साठ वर्षांची असूनही नव्या देशी शस्त्रापेक्षा कितीतरी महाग विकली जातात. ती किंमत दुर्मिळतेची असते, गुणाची असेलच असे नाही. एखादी स्प्रिंग मोडली तर सुटा भाग मिळत नाही आणि मग गावठी कारागिराकडून कानस मारून बसवलेल्या तुकड्यावर जीव टांगावा लागतो. वडिलोपार्जित शस्त्र असेल तर गोष्ट वेगळी. परवानाधारकाने वयाची सत्तर वर्षे पूर्ण केली किंवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगले, तर हयातीतच वारसाच्या नावावर ते करून देण्याची तरतूद २०१६च्या शस्त्र नियमांत आहे. विकत घ्यायचे असेल तर मात्र नवे घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे.

माझी निवड झाली २०२१ साली. पंप आमच्या यजमानांच्या नावावर होता. त्यांच्या पश्चात तो माझ्याकडे आला, आणि रात्रीची रोकड दुसऱ्या दिवशी बँकेत नेण्याचे कामही. अर्ज २०१९ साली केला होता. जिल्हाधिकारी कार्यालय, पोलिसांचा चौकशी अहवाल, वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि शस्त्र घरी कसे सुरक्षित ठेवणार याची हमी, असा प्रवास करत दोन वर्षांनी परवाना हाती पडला. मधल्या काळात, डिसेंबर २०१९मध्ये, कायदा बदलून परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली होती, एवढाच काय तो उशिराचा फायदा.

खरेदीला माझ्यासोबत मामा आले होते. ते लष्करात शस्त्रदुरुस्ती विभागात होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले, आणि चष्मा कपाळावर ठेवून वस्तू न्याहाळण्याची त्यांची सवय अजून गेलेली नाही. पुण्यातल्या दुकानदाराने पहिल्याच मिनिटाला माझ्यासमोर 'निर्भीक' ठेवले. हे रिव्हॉल्व्हर जानेवारी २०१४मध्ये कानपूरच्या कारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आणले. दिल्लीच्या २०१२मधल्या घटनेनंतर 'निर्भया' या नावावरून त्याचे नाव ठेवले गेले, आणि ते दागिन्यांच्या मरून रंगाच्या डबीसारख्या पेटीत यायचे. वजन सुमारे अर्धा किलो. तेव्हाची किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये. दुकानदार म्हणाले, "मॅडम, खास लेडीजसाठी आहे, पर्समध्ये मावतं." मामांनी ती पेटी शांतपणे बंद केली आणि साधे पोलादी बत्तीस बोअर मागितले. दुकानदाराचा चेहरा पडला.

मामांचे म्हणणे असे होते की, काडतूस तेच असेल तर हलक्या शस्त्राचा धक्का हाताला जास्त बसतो आणि जड शस्त्र तो धक्का स्वतःच्या वजनात जिरवते. दिवसभर कमरेला लावून हिंडणाऱ्या माणसाला दोनशे ग्रॅमचा फरक महत्त्वाचा वाटेल. माझे रिव्हॉल्व्हर पंपाच्या ऑफिसपासून बँकेपर्यंत आणि तिथून परत, एवढाच प्रवास करणार होते. मग हलकेपणासाठी पैसे मोजायचे कशाला? शिवाय 'बायकांसाठी' म्हणून वस्तू हलकी, लहान आणि महाग करायची ही व्यापारी रीत स्कूटरपासून घड्याळापर्यंत आपण पाहत आलो आहोत. मनगटाच्या ताकदीचा आणि नवशिक्या हाताचा खरा विचार केला असता, तर वजन थोडे वाढवून चाप मऊ केला असता.

त्यानंतर जवळपास तासभर मामांनी जे केले, ते जावेने शब्दशः करावे अशी माझी इच्छा आहे. शस्त्र हातात आल्याबरोबर त्यांनी नळीचे तोंड भिंतीकडे वळवले, खटका दाबून रिव्हॉल्व्हर मधोमध उघडले आणि चक्रातली सहाही घरे, म्हणजे काडतुसांचे कप्पे, रिकामी असल्याची बोटाने चाचपून खात्री केली. आपले जुने बत्तीस बोअर वेब्लेच्या धाटणीचे आहे. अंगठ्याने खटका दाबला की नळी पुढे झुकते, चक्र उघडे पडते आणि मधली चांदणी वर उचलली जाऊन सगळ्या पुंगळ्या एकदम बाहेर येतात. सोय उत्तम, पण त्या बिजागरीवर आणि खटक्यावर सगळा भार असतो. मामांनी ते बंद करून नळी एका हातात आणि मूठ दुसऱ्या हातात धरून हलकेच पिळून पाहिले. पहिल्या नगाची बिजागरी किंचित हलत होती. नव्या शस्त्रात हे चालणार नाही, म्हणून तो नग तिथेच बाजूला गेला.

दुसऱ्या नगाच्या मागच्या बाजूला त्यांनी बिलाचा कोरा कागद धरला आणि तोंडाकडून नळीत डोकावले. कागदावरून परतलेल्या उजेडात आतल्या चऱ्या स्वच्छ दिसतात आणि ओरखडा असेल तर लपत नाही. मग दुकानदाराची परवानगी घेऊन त्यांनी रिकाम्या शस्त्राचा घोडा अगदी सावकाश मागे ओढला. घोडा पूर्ण मागे जाऊन अडकण्याआधी किंवा त्याच क्षणी चक्र 'टक्' असा आवाज करून जागेवर बसले पाहिजे. घोडा अडकला आणि चक्र अजून केसभर फिरायचे राहिले असेल, तर गोळी नळीच्या बरोबर मध्यावर येत नाही, शिशाचे कण कडेने उडतात आणि पुढेमागे घोड्याच्या टोचणीचा घाव काडतुसाच्या बुडातल्या पेटणाऱ्या टोपीच्या कडेला बसू लागतो. ही तपासणी एका घरावर करून भागत नाही. सहा घरे, सहा वेळा. त्या नगाचे चौथे घर आळशी निघाले.

तिसऱ्या नगाची सहाही घरे वेळेवर बसली. चाप दाबून धरलेला असताना चक्र बोटांनी हलवून पाहिले. अगदी थोडी हालचाल असते, ती असू द्यावी, खडखडाट मात्र नको. शेवटी त्यांनी रिव्हॉल्व्हर ट्यूबलाइटसमोर आडवे धरले आणि चक्राचे पुढचे तोंड व नळीचे मागचे तोंड यांच्यामधली फट पाहिली. ती बारीक आणि सहाही घरांना सारखी असावी लागते, कारण फट रुंद असेल तर तिथून ज्वाला बाहेर पडते आणि गोळीचा जोरही वाया जातो. "हे बघ पोरी," मामा म्हणाले, "हा घे. पण अजून पैसे काढू नकोस. आधी बारा वेळा चाप ओढून दाखव."

दुकानदाराने दारू नसलेली नकली काडतुसे दिली. रिव्हॉल्व्हरचा चाप दोन प्रकारे चालतो. अंगठ्याने घोडा आधी मागे ओढून ठेवला तर पुढचा दाब अगदी हलका असतो; थेट चाप ओढला तर तोच चाप चक्र फिरवतो, घोडा उचलतो आणि सोडतो, त्यामुळे दाब बराच जड लागतो. निशाणबाजी पहिल्या प्रकारे सुंदर होते. अंधारात, घाबरलेल्या अवस्थेत मात्र दुसराच प्रकार उपयोगी पडतो आणि सुरक्षितही तोच, कारण घोडा चढवून थरथरत्या बोटाने उभे राहण्यासारखा धोका दुसरा नाही. माझा सातव्या ओढीला हात कापू लागला, नवव्या ओढीला नळीचे तोंड खाली गेले. मामांनी लाकडी मुठीची जाडी पाहिली, माझे बोट चापावर पहिल्या पेरापर्यंत नीट पोहोचते आहे हे पाहिले आणि म्हणाले की बोट पोहोचते आहे तर ताकद येईल. बोटच पोहोचत नसते तर दुसरे शस्त्र पाहिले असते. महिनाभर रोज रबरी चेंडू दाबत बसले तेव्हा बारा ओढी सरळ जाऊ लागल्या.

पिस्तूल का नको, असे जावेने विचारले होते. पिस्तुलात काडतुसे जास्त मावतात आणि ते चपटे असते, हे खरे. पण एखादे काडतूस फुसके निघाले तर पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढून ते बाहेर काढावे लागते, आणि ही क्रिया हातात मुरायला सतत सराव लागतो. रिव्हॉल्व्हरमध्ये पुन्हा चाप ओढला की दुसरे घर समोर येते. वर्षातून मोजक्या वेळा सराव करू शकणाऱ्या माणसासाठी हा एकच मुद्दा मला पुरेसा वाटतो. आणखी एक सावधगिरी: दोन्हींना 'बत्तीस बोअर' म्हणतात, तरी त्यांची काडतुसे वेगळी आहेत. रिव्हॉल्व्हरचे काडतूस लांब आणि बुडाशी काठ असलेले असते, पिस्तुलाचे आखूड. काडतुसे घेताना नुसते 'बत्तीस' म्हणून डबा उचलू नये.

या काडतुसाच्या ताकदीबद्दल लोक नाके मुरडतात. त्यात तथ्य आहे. १८९६ सालचा हा नमुना आहे आणि अमेरिकेत प्रचलित असलेल्या ०.३८ स्पेशलच्या तुलनेत त्याची ऊर्जा साधारण निम्मी भरते. पण धक्का इतका सौम्य असल्यामुळेच हे काडतूस पंचवीस मीटरच्या निशाणबाजीच्या स्पर्धांतही वापरले जाते. नेम धरून मारलेली बत्तीसची गोळी डोळे मिटून मारलेल्या मोठ्या गोळीपेक्षा बरी. ०.२२ बोअरचे 'निडर' नावाचे रिव्हॉल्व्हर पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीने काढले आहे. वजन अवघे अडीचशे ग्रॅम, आठ गोळ्या, किंमतही कमी. ते मात्र मी सुचवणार नाही. बावीसच्या काडतुसात पेटणारा मसाला बुडाच्या काठात पसरलेला असतो आणि मधोमध टोपी असलेल्या काडतुसापेक्षा ते न पेटण्याची शक्यता जास्त असते.

मी घेतले तेव्हा कानपूरच्या कारखान्याचे 'प्रबल' हे रिव्हॉल्व्हर नव्हते. ते ऑगस्ट २०२३मध्ये आले. बत्तीस बोअरच, वजन काडतुसांशिवाय सातशे ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटर, आणि पल्ला पन्नास मीटरपर्यंत असल्याचे कारखाना सांगतो. पल्ल्याच्या त्या जाहिरातीकडे मी फारसे लक्ष देत नाही. पन्नास मीटरवरच्या माणसापासून स्वसंरक्षण करायचे असेल तर दार लावून घेणे आणि पोलिसांना फोन करणे हाच मार्ग आहे, आणि न्यायालयही तेच विचारील. मला त्यातली आवडलेली गोष्ट म्हणजे त्याचे चक्र बाजूला उघडते. नळी आणि सांगाडा यांच्यामध्ये बिजागरी नसल्यामुळे आमच्या पहिल्या नगासारखी झीज होण्याचे कारणच उरत नाही. मामांच्या ओळखीतल्या एकांचे मी हाताळून पाहिले; चाप माझ्यापेक्षा मऊ आहे. जावेची बोटे माझ्याहून आखूड आहेत. तिने आधी 'प्रबल' हातात घेऊन पाहावे, आणि किंमत झेपत नसेल तरच जुन्या धाटणीकडे वळावे.

किमतीचे बोलायचे तर २२ सप्टेंबर २०२५पासून रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून ४० टक्के झाला आहे. शौकाच्या बोटी आणि खाजगी विमाने ज्या रांगेत आहेत, त्याच रांगेत उसातल्या वस्तीवर राहणारी माझी जाऊ उभी आहे. कर वाढला म्हणून कोणी 'बिनापावतीचे', 'देशी कट्टा' असे काही सुचवले तर त्या माणसाला उंबऱ्याबाहेर काढावे. विनापरवाना शस्त्र बाळगणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे, आणि असे शस्त्र हातातच फुटण्याचा धोका वेगळा. पैसे वाचवायचेच असतील तर कातडी पट्टे, नक्षीदार मुठी, निकेलचा मुलामा यांवर वाचवावेत. दुकानदाराने मला चकचकीत मुलाम्याचा आग्रह केला होता. मामांनी काळ्या पोलादाला तेलाचा बोळा पुरेसा आहे असे सांगून तो विषय संपवला. काडतुसांवर आणि भिंतीत बोल्ट मारून बसवलेल्या छोट्या तिजोरीवर मात्र हात आखडू नये. माझी तिजोरी शस्त्राच्या आधी घरी आली होती. नातवंडे सुट्टीला येतात तेव्हा किल्ली माझ्या गळ्यातल्या साखळीत असते आणि काडतुसे दुसऱ्या खोलीतल्या कुलुपात.

कातडी पट्ट्याची गोष्ट निघाली म्हणून माझी एक चूकही सांगून टाकते. पहिल्याच वर्षी मी हौसेने चामड्याचा काडतुसे ठेवायचा पट्टा शिवून घेतला आणि बारा काडतुसे त्यात खोचून कपाटात ठेवली. पावसाळ्यानंतर सरावाला गेले तेव्हा पितळावर मोरचुदासारखा हिरवा थर चढला होता. ती पुसून घातली; दोन घरांत अर्धीच शिरली, एक शिरले ते पेटले नाही. मामा तिथेच होते. त्यांनी नळी समोरच्या मातीच्या बांधाकडे धरून ठेवायला लावली, अर्धा मिनिट थांबायला लावले, कारण कधी कधी टोपी उशिरा पेटते, आणि मग रिव्हॉल्व्हर उघडून ते काडतूस काढून घेतले. कमावलेल्या चामड्यातल्या रसायनाने पितळावर असा थर चढतो, हे त्यांनी परत येताना सांगितले, आणि ते मला आधी सांगायला विसरल्याबद्दल पूर्ण वाटेत स्वतःवरच चिडचिड करत राहिले. तेव्हापासून काडतुसे त्यांच्या मूळ पुठ्ठ्याच्या डब्यात असतात, डब्यावर खरेदीची तारीख लिहिलेली असते आणि जुनी आधी सरावात संपवली जातात. मोकळ्या पुंगळ्या आणि हिशेबाची वहीही जपून ठेवते. नवी काडतुसे घेताना ती विचारली जातात.

शस्त्र घेतल्यानंतर ते लगेच दाखवून त्याचा क्रमांक परवान्यावर चढवून घ्यायचा असतो, हे जावेने विसरू नये. निवडणूक आली की आचारसंहितेत ते बहुधा पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. २०२४ साली लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि विधानसभेची १५ ऑक्टोबरला. त्या वर्षातले बरेच आठवडे माझे रिव्हॉल्व्हर ठाण्याच्या कपाटात होते आणि रोकड माझ्या पिशवीत. जमा करताना पावती घ्यावी, तेलाचा हात फिरवून कापडात गुंडाळून द्यावे, आणि परत घेताना ठाण्यातच उघडून पाहावे. माझे एकदा धुळीने भरून परत मिळाले होते.

वापरण्याची वेळ आलीच तर कायदा काय म्हणतो, हे वकिलाकडून तासभर समजून घ्यावे असे मी तिला सांगितले आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ यासंबंधी आहेत, आणि त्यांचा गाभा असा की धोका जेवढा, तेवढाच प्रतिकार. उसातून पळून जाणाऱ्या मोटारचोराच्या पाठीत गोळी घालण्याचा परवाना तिला मिळालेला नाही. हवेत बार काढण्याचाही नाही. लग्नातल्या आनंदाच्या गोळीबाराला तर दोन वर्षांपर्यंतचा तुरुंगवास किंवा एक लाख रुपयांपर्यंतचा दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद झालेली आहे. आमच्या भावकीतल्या दोन-तीन हौशी मंडळींसाठी हे वाक्य मुद्दाम लिहिले आहे.

पंपावर आता निम्म्याहून अधिक गिऱ्हाईक मोबाइलवरूनच पैसे देते, त्यामुळे पिशवीतली रोकड पूर्वीच्या मानाने बरीच उतरली आहे. माझ्या परवान्याचे नूतनीकरण पुढच्या वर्षी आहे आणि ते करावे की नाही, याचा मी अजून विचार करते आहे. जावेच्या वस्तीवर मात्र मोबाइलची रेंजच येत नाही. पुढच्या सोमवारी आम्ही तिघे पुण्याला जाणार आहोत. मामांनी कोरा कागद आणि भिंग आत्ताच पिशवीत घालून ठेवले आहे, आणि जावेला रबरी चेंडू मी कालच पाठवला.